विषय: पुन्हा: बर्निना – काचेची गाडी की साधी?

बाझलकर, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

आईबाबा सप्टेंबरमध्ये येतायत. विंटरथूरकर ताई, तुम्ही सातजण शनिवार-रविवार बर्निनाला, म्हणजे स्वित्झर्लंडहून आल्प्स ओलांडून इटलीत तिरानोला उतरणाऱ्या त्या रेल्वेनं, जाऊन आलात ना? स्टेटसवरचे फोटो बघून जीव जळला. काचेच्या पॅनोरमा गाडीचं आरक्षण आत्ताच करून टाकू, की साध्या गाडीनं नेऊ? आईचे गुडघे कुरकुरतात आणि बाबांना दर दोन तासांनी चहा लागतो, हे धरून सांगा.

विंटरथूरकर, मंगळवार

साध्या गाडीनं ने. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचणार असशील तर ऐक. रूळ तेच, पूल तेच, बोगदे तेच. काचेच्या गाडीला तिकिटाशिवाय वेगळं आरक्षण लागतं. साधी गाडी दर तासाला असते, एक चुकली तर दुसरी. आम्ही जाताना साधीनं गेलो, येताना हौस म्हणून काचेची घेतली. छतापर्यंत काच, डोंगराची टोकं बसल्या जागी दिसतात, हे खरं. पण ती काच उघडत नाही, आणि माझ्या निम्म्या फोटोंत हिमनदीवर आमच्या ह्यांचा लाल टी-शर्ट उमटलाय. साध्या गाडीला बऱ्याचदा एखादा जुना डबा जोडलेला असतो, त्याच्या खिडक्या खाली होतात. तो शोधून चढा.

कूरहून निघालं की फिलिझुरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो. पासष्ट मीटर उंच, सहा कमानी, तोही वळणावर, आणि पूल संपतो तिथे सरळ कड्याच्या पोटात बोगदा. फोटोत हे सगळं शांत दिसतं. आमच्यातल्या एकानं मोबाइल धरलेला हात बाहेर काढला होता. बोगद्याच्या तोंडाशी बायकोनं त्याची कॉलर धरून असा मागे ओढला की पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

आता आमची फजिती. पोन्त्रेसिनाच्या पुढची काही छोटी स्टेशनं ‘मागाल तर थांबेन’ अशी आहेत. आतलं बटण दाबायचं असतं. आम्ही सगळे सॅक पाठीला लावून दारात उभे, डोंबिवली आल्यासारखे, आणि गाडी स्टेशनातून तशीच निघून गेली! समोरच्या बाकावरच्या स्विस आजींनी बटणाकडे बोट दाखवलं, पण तोवर प्लॅटफॉर्म मागे पडला होता. दोष आमचाच, दारावर चित्रासकट लिहिलेलं होतं. परत फिरण्यात तासभर गेला.

ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनला मात्र उतराच. उंची २२५३ मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही सहाशे मीटर वर, आणि तिथे चढायचं काही नाही, गाडीच नेऊन सोडते. समोर लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं. हिमनदीनं दळून आणलेल्या दगडाच्या पिठानं पाणी दुधाळ झालेलं, ताकात निळीचा थेंब पडावा तसं. पलीकडे लेय नायर, म्हणजे काळं तळं. दोन्ही अगदी शेजारी, पण काळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्रात जातं, तर पांढऱ्याचं खाली इटलीत पो नदीतून एड्रिॲटिकला. बांधाजवळ आम्ही डबे उघडले. पुण्याहून आलेलं चिवड्याचं बंद पाकीट उशीसारखं टम्म फुगलं होतं. फोडलं तर फट्ट! निम्मा चिवडा गवतात. दाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून खाल्ले, कोणाला सांगू नकोस.

तिथून तळ्याकाठानं आल्प ग्र्यूमपर्यंत दीडेक तासाची उताराची वाट आहे. आईंना नको, उताराला गुडघे जास्त बोलतात. त्यांनी गाडीनंच पुढे यावं. आल्प ग्र्यूमच्या स्टेशनातच उपाहारगृह आहे, समोर पाल्यूची हिमनदी. चहाचा थर्मास मात्र घरून न्या, साध्या गाडीत चहावाला फिरत नाही.

तिरानोत गाडी चक्क रस्त्यातून, बॅसिलिकाच्या चौकातून ट्रामसारखी जाते. जेवायला पित्सोक्केरी मागवा. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, चीज आणि लसणाचं लोणी. मी खिचडी मागितली असती तरी एवढी तृप्त झाले नसते. ‘ब्रेझाओला’ दिसलं तर लांब राहा, ते वाळवलेलं गोमांस.

बाडेनकर काका, मंगळवार रात्री

ताईंनी रेल्वेचं निम्मंच सांगितलं, म्हणून हा म्हातारा मध्ये पडतो. कल्याणच्या लोको शेडमध्ये वीस वर्षं काढली आहेत, गप्प बसवत नाही.

आपला खंडाळ्याचा घाट ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तेवढ्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. बर्निनाचा चढ १४ला १, आणि दात्यांचा रूळ नाही, नुसती चाकाची पकड! आपली माथेरानची गाडी १९०७ची, २०ला १. बर्निना १९१०ला पूर्ण झाली. म्हणजे दोन्ही एकाच काळातल्या बहिणी, एक फक्त जरा जास्त धीट.

उतरताना ब्रुझिओला गोल पूल येतो. उतार आवाक्यात ठेवायला गाडी स्वतःच्याच रुळांखालून वळसा घालून निघते. अलीकडे, कूरच्या बाजूला, बेर्ग्यून आणि प्रेडा स्टेशनांमध्ये हेच बोगद्यांनी साधलंय, तिथे गावातलं देऊळ, म्हणजे चर्च, कधी डावीकडे कधी उजवीकडे दिसतं. मला तर वाटलं गावात तीन चर्च आहेत. थुझिस ते तिरानो १२८ किलोमीटरांत ५५ बोगदे, १९६ पूल. २००८ साली युनेस्कोनं उगाच नाही जागतिक वारशाच्या यादीत घातलं.

आणि दोन तळ्यांचं म्हणाल, तर मी वाईचा. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात उभं राहिलं की तेच: सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला, कृष्णा उलट्या दिशेनं बंगालच्या उपसागराला. बाबांना ओस्पित्सिओला हे सांग, चहा विसरतील.

बाझलकर, बुधवार

काका, बाबा चहा विसरणार नाहीत, पण सांगतो. ताई, तिरानो इटलीत, मग त्यांच्या व्हिसाचं काय? आणि बसायचं कुठल्या बाजूला?

विंटरथूरकर, बुधवार

व्हिसा शेंगेन आहे ना, म्हणजे स्वित्झर्लंड आणि इटली दोन्हींना एकच, मग सिंगल एंट्री असला तरी अडचण नाही. पासपोर्ट मात्र जवळ हवेत, घरी कपाटात नकोत. तुझं अर्ध्या तिकिटाचं हाफ-फेअर कार्ड तिरानोपर्यंत चालतं. सेंट मॉरिट्झहून उतरताना उजवी बाजू धर, हिमनदी आणि तळं दोन्ही तिकडेच.

जाता जाता, सातजणांपैकी कोणाचा तरी स्टीलचा डबा माझ्या सॅकमध्ये आलाय. झाकणावर कोरलेल्यापैकी ‘चि. सौ. कां.’ एवढंच वाचता येतंय, पुढचं घासून गेलंय. ज्यांचा असेल त्यांनी कळवा, गणपतीला आणते. आत दोन बेसनाचे लाडू होते, ते आता नाहीत.