अनुभव धागा : परड्यातले बीळ नेमके कोणाचे?

साताऱ्याच्या आसपास नव्या वसाहती आता शेतांना आणि माळाला जाऊन भिडल्या आहेत, त्यामुळे अंगणात किंवा परड्यात बीळ दिसल्यावर काय करावे ही विचारणा केवळ शेतकऱ्यांकडून येत नाही. उत्तरादाखल मिळणारे सल्ले मात्र बहुधा औषधापासूनच सुरू होतात. माझे मत असे की बिळात कोण राहते हे ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. कारण घुशीवरचा उपाय चिचुंद्रीच्या बाबतीत वाया जातो, आणि तोच मुंगसाच्या बिळावर केला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. इंटरनेटवर शोधले असता मोल आणि गोफर या जमीन पोखरणाऱ्या प्राण्यांसाठीचे सापळे व एरंडेल तेलाचे फवारे सुचवले जातात. गोफर हा अमेरिका खंडातला प्राणी आहे, आणि खरे मोल भारतात हिमालयाच्या पूर्व भागात व ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतात. तेव्हा तो खर्च सातारा-सांगलीकरांनी करण्याचे कारण नाही.

दोन्ही जिल्ह्यांतील मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत. बिळाचे तोंड केवढे होते, माती बाहेर कशी पडली होती, जमीन काळी होती की मुरमाड, आणि केलेला उपाय पुढच्या हंगामापर्यंत टिकला का, एवढे जरूर नमूद करावे.

शेतकरी, वाळवा तालुका

आमच्या घराच्या तिन्ही अंगांना ऊस आहे. ऊस उभा असेपर्यंत परड्यात फारसा त्रास नसतो, परंतु फडाला तोड लागली की थोड्याच दिवसांत गोठ्याच्या जोत्याशी ताजी माती दिसू लागते. ही शेतातली लहान घूस असते, साधारण पाव किलो वजनाची. गावातल्या गटाराकडेला राहणारी मोठी घूस अर्धा किलोच्याही पुढे भरते आणि कोंडीत सापडली तर पाठीवरचे राठ केस उभे करून गुरगुरते. लहान घुशीची खूण म्हणजे तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि पुष्कळदा आतून मातीनेच बंद केलेले तोंड. त्यामुळे ढीग आहे पण भोक दिसत नाही, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

जोते दुरुस्त करताना असे एक बीळ आम्ही शेवटपर्यंत उकरले होते. मुख्य वाटेला जागोजागी फाटे फुटले होते. एका कोनाड्यात वाळके गवत आणि प्लॅस्टिकच्या पोत्याच्या दशा यांचे अंथरूण होते, तर दुसऱ्या कोनाड्यात गव्हाच्या ओंब्या, देठ कातरून, एकीला एक लावून इतक्या दाबून भरल्या होत्या की हाताने सुटेनात. ज्या घरात धान्याची अशी बेगमी आहे ती घूस पिंजऱ्यातल्या भाकरीच्या तुकड्याला भुलत नाही. म्हणून सुगीच्या दिवसांत पिंजऱ्याला यश कमी येते, असे माझे निरीक्षण आहे.

आम्ही संध्याकाळी परड्यातली सगळी तोंडे मातीने बुजवतो आणि सकाळी जी उकरलेली दिसतात तेवढीच जिती धरतो. बाकीच्यांवर पैसा आणि वेळ खर्च करत नाही. पिंजरा भिंतीला अगदी लागून ठेवावा, कारण ती उघड्यावरून न जाता भिंतीच्या कडेनेच पळते. पहिल्या एक-दोन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून ठेवून आत नुसते खाणे ठेवले तर तिचा संशय जातो. (आमच्या मांजराचा तर पहिल्याच रात्री जातो, ही वेगळी अडचण.) पिंजऱ्यापेक्षा जास्त उपयोग मात्र साध्या व्यवस्थेचा झाला. पेंड आणि भरडा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात गेला, कडब्याची गंजी जमिनीवर न रचता दगडांवर ओंडके टाकून रचली, आणि ऊस व गोठा यांच्यामधला पट्टा तणरहित ठेवला. उघडी जमीन ओलांडणे तिला नको असते.

गृहिणी, दहिवडी परिसर

आमच्याकडे ऊस नाही. मुरमाड माळ, बाजरी आणि बांधाला बोरी-बाभळी. येथे बिळांची तोंडे उघडी असतात, एकाच बांधाला बरीच असतात आणि घुशीसारखा मोठा ढीग क्वचितच दिसतो. राहणारा असतो तो जर्बिल जातीचा रानउंदीर: पोट पांढरे, डोळे मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळसर केसांचा झुपका. बॅटरीच्या उजेडात तो उड्या घेत जातो. बिळाची एखादी वाट जमिनीच्या अगदी पृष्ठभागाखाली आणून तो मातीचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतो, आणि एका बाजूने उकरायला लागले की तो फोडून भलतीकडूनच निसटतो. म्हणून कुदळ घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. परसबागेतल्या वाफ्यांभोवती पाव इंची छिद्राची जाळी फूटभर खोल पुरली, तेव्हापासून शेंगा हाती लागतात. बांधावर तो राहिला तर राहू द्यावा, त्याच्यावर घुबडांचे पोट आहे.

आणखी एक खूण सांगते. माळाच्या कडेला बोटभर रुंदीच्या भोकाशी बारीक खड्यांची रास दिसली तर ते काटेरी केसांच्या लहानशा रानउंदराचे घर असते. त्याचा घराला उपद्रव नाही.

रहिवासी, मिरज

आमचा तळमजला आहे. न्हाणीच्या शोषखड्ड्याशेजारी भोक पडले होते आणि रात्री धातूवर नाणे आपटल्यासारखी बारीक चिकचिक ऐकू येत असे. लांब सोंड, टाचणीच्या टोकाएवढे डोळे आणि जाईल तिथे राहणारा उग्र वास, म्हणजे चिचुंद्री. ती उंदराच्या कुळातली नाही. झुरळे, किडे, अळ्या हे तिचे खाणे. धान्याच्या आमिषाला ती तोंड लावत नाही. शोषखड्ड्याचे झाकण घट्ट बसवले, दाराखालची फट रबरी पट्टीने बंद केली. बागेत ती अजून फिरते आणि आम्ही तिला फिरू देतो.

हरिपूर, सांगली

धाग्याच्या विषयाला थोडा फाटा देतो, पण सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागात हळद साठवण्याची जुनी पेवे जमिनीखाली आहेत आणि २००५ च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळांत पाणी शिरले. शेजाऱ्यांच्या अंगणात जमीन खचली, तेव्हा सर्वांनी घुशीवर आळ घेतला आणि भोकात पाण्याचा पाइप सोडण्याची तयारी झाली. भोकाशी ताजी माती नाही, लेंड्या नाहीत, कुरतडलेले काही नाही, हे एका वृद्ध हमालांच्या लक्षात आले. खाली वापरात नसलेले पेव निघाले. खचलेली जागा गोलसर असेल आणि माती बाहेर न येता आत जात असेल, तर प्रथम लहान मुलांना त्या बाजूस जाऊ देऊ नये.

पाणी ओतणे हा उपाय घुशीच्या खऱ्या बिळावरही मला पटत नाही. ती पोहून दुसऱ्या तोंडाने बाहेर येते आणि काळ्या मातीत भिजलेला पाया मात्र आपला असतो.

शिराळा तालुका

येथे कोणी बिळात हात घालत नाही. उंदराने केलेल्या बिळात उंदीरच राहील असा नियम नाही. धामण, नाग, घोणस त्याच वाटेने भक्ष्यामागे येतात आणि तिथेच विसावतात. तोंडाची कड गुळगुळीत झाली असेल किंवा जवळ कात पडली असेल, तर बीळ न बुजवता सर्पमित्रांना बोलवावे. धामण निघाली तर आमचे वडील तिला बांधावर जाऊ देतात.

निवृत्त कृषी सहायक, कराड

औषधांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. झिंक फॉस्फाइडचे दोन टक्क्यांचे आमिष शेतासाठी सांगितले जाते: भरडलेले धान्य ९६ भाग, खाद्यतेल २ भाग आणि औषध २ भाग. आधी दोन-तीन दिवस नुसते धान्य-तेल खाऊ घालावे लागते; नाहीतर एखादी घूस थोडे खाऊन आजारी पडते आणि पुन्हा त्या वासाच्या वाऱ्याला उभी राहत नाही. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या परड्यात मुले, कोंबड्या, कुत्रा आहेत तिथे हे आमिष ठेवू नये, असे मी नोकरीत असतानाही सांगत असे आणि आजही सांगतो.

ब्रोमाडिओलोनच्या ०.००५ टक्के वड्या तुलनेने बऱ्या, परंतु त्याही बंद आमिषपेटीतच ठेवाव्यात. घूस काही दिवसांनी मरते, मधल्या काळात सुस्तावते, आणि तिला खाणाऱ्या मांजराच्या वा गव्हाणी घुबडाच्या पोटात तेच विष जाते. पाळीव जनावराने वडी खाल्ली तर ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घराजवळच्या बिळात कधीही टाकू नयेत. बिळाचा फाटा पायाखालून माजघरापर्यंत गेलेला असतो आणि वायू त्याच वाटेने झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. दुकानदार सहज देतो म्हणून ती वस्तू सहज वापरायची होत नाही.

शिक्षक, पाटण तालुका

आमच्याकडे सुरण आणि रताळी रात्रीतून उकरली जातात. माणसाचे डोके शिरेल एवढे बीळ आणि जवळ पांढरे-काळे काटे पडलेले असले तर ते साळिंदर, आणि त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. वनखात्याला कळवून आम्ही कंदाच्या वाफ्याला जमिनीत रोवलेले पत्रे लावले. ओढ्याकडेच्या ओलसर भोकाभोवती मातीच्या गोळ्या असतील तर तो खेकडा असतो. त्याच्यासाठी या धाग्यावर येण्याची गरज नाही.

सांगलीवाडी

२०१९ च्या महापुरानंतर घरी परतलो, तेव्हा उंचवट्यावरच्या प्रत्येक घराशी बिळे होती, कारण पुरात उंदीर-घुशींनाही तीच जागा सापडली होती. त्या चिखलात अनवाणी फिरू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. गमबूट घालूनच साफसफाई करावी आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही दिसल्यास डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

धागाकर्ता

बीळ रिकामे झाल्यावर ते कशाने बुजवावे, याबद्दल बांधकामातले कोणी लिहील का? नुसती माती पुन्हा उकरली जाते, असा माझ्या गल्लीतला अनुभव आहे.

बांधकाम पर्यवेक्षक, वाई

मातीने बुजवू नये. बीळ जेवढे खोल मोकळे करता येईल तेवढे करून त्यात दगडाचे तुकडे ठासावेत आणि वरचा वीतभर भाग काँक्रीटने बंद करावा. मिश्रणात काचेचे तुकडे घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु पुढे तिथे खणणाऱ्या गवंड्याचा हात कापतो, म्हणून मी ती टाळतो. भिंतीलगत दीड फूट खोल जाळी उभी पुरून तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूस काटकोनात वळवावा, कारण घूस भिंतीला चिकटून खाली उकरत जाते आणि आडवी जाळी लागली की मागे सरकून बाहेरून उकरण्याचे तिला सुचत नाही. जुन्या वाड्यांच्या मातीत बांधलेल्या दगडी भिंतींना आधी दर्जा भरून (म्हणजे दगडांमधल्या फटी लिंपून) घ्यावा लागतो. वाळव्याच्या मित्रांसाठी एवढेच की हे काम उसाला तोड लागण्यापूर्वी, दिवाळीच्या आधी उरकावे. तोड सुरू झाल्यावर तोंड बंद केले तर घूस बाहेर राहण्याऐवजी आत कोंडली जाण्याची शक्यता अधिक.