काल्पनिक सागरी संघर्षाचा पटखेळ: पहिल्याच माऱ्यात डाव संपतो, काय करावे?

भाट्येकर (रत्नागिरी):
गेली दोन वर्षे मी आपल्या कोकण किनाऱ्यासमोरच्या समुद्रावर एक युद्धखेळ रचत आहे. संघर्ष सर्वस्वी काल्पनिक आहे: मुंबई ते मार्मागोवा या पट्ट्यातील जहाजवाहतूक निळ्या पक्षाने तीन दिवस चालू ठेवायची आणि तांबड्या पक्षाने ती रोखायची. पटावरचा एक षटकोन १० सागरी मैलांचा आणि एक फेरी तीन तासांची आहे. जहाजांचे वेग आणि क्षेपणास्त्रांचे पल्ले मी प्रसिद्ध माहितीवरून भरले आहेत. दर रविवारी आम्ही चौघे माझ्या पडवीत पट मांडतो आणि बहुतेक डाव दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच आटोपतो. ज्याची पाळी आधी येते तो समोरची जहाजे पल्ल्यात येताच सगळी क्षेपणास्त्रे सोडतो, आणि दुसऱ्याकडे खेळण्यासारखे काही उरत नाही. पल्ले कमी केले, फाशांवरून निकाल ठरवणारे तक्ते बदलले, तरी फरक पडला नाही. झालेल्या लढाईवरचा खेळ असता तर इतिहासाशी ताडून पाहता आले असते. जे घडलेलेच नाही त्याचे नियम बरोबर आहेत की नाहीत, हे कशावरून ठरवायचे?

देवगडचा वाचक:
दोष तक्त्यांत नाही, पटावर सगळे उघडे मांडण्यात आहे, असे मला वाटते. क्षेपणास्त्राचा पल्ला १५० सागरी मैल असला तरी जहाजाला स्वतःच्या रडारने तेवढे दिसत नाही, कारण मध्ये पृथ्वीचा बाक येतो. अँटेनाची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला २.२ ने गुणावे, म्हणजे अंतर सागरी मैलांत मिळते. २५ मीटरवर अँटेना असलेल्या जहाजाला ४ मीटर उंचीची नौका सुमारे १५ मैलांवर दिसू लागते. आपल्या पटावर तो जेमतेम दीड षटकोन झाला. त्यापलीकडचे पाहायचे तर हेलिकॉप्टर, टेहळणी विमान किंवा पुढे धाडलेली दुसरी नौका हवी.

शिवाय, दिसले ते नेमके काय, हे कळावे लागते. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवरील पहिल्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी विमानांनी आपल्याच ‘झुल्फिकार’ या युद्धनौकेला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर हल्ला केला होता. आपल्या खेळात अशी चूक होऊच शकत नाही, आणि ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

कोकणात बसून आपण मच्छीमार नौका पटावर घेतल्या नाहीत, याचे मला खरोखर नवल वाटले. हंगामात रात्री देवगडच्या किल्ल्यावर उभे राहिले की समुद्रावर दिव्यांची रांग लागलेली दिसते. रडारच्या पडद्यावर त्यातला प्रत्येक दिवा हा एक ठिपकाच असतो. म्हणून ४० सोंगट्या पालथ्या ठेवाव्यात, त्यांपैकी १२ युद्धनौका असाव्यात आणि बाकीच्या ट्रॉलर, पर्ससीन (घेराच्या जाळ्याने मासे पकडणाऱ्या) नौका व मालवाहू जहाजे. सोंगटी उलटून पाहायची तर जवळ जावे लागेल किंवा विमान खर्ची घालावे लागेल. डाव कोणत्या महिन्यात घडतो, हेही ठरवून घ्यावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका बंदरात असतात, त्यामुळे दर्या रिकामा होऊन लपायला आडोसा उरत नाही; पण त्याच दिवसांत खवळलेल्या पाण्यात लहान क्षेपणास्त्र नौका चालवणे कठीण जाते. एकाच पटावर आपल्याला दोन वेगळे खेळ मिळतील.

अलिबागकर:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु तेवढ्याने भागणार नाही. पाळीपाळीने खेळण्याची पद्धत सोडून दोन्ही पक्षांनी हुकूम कागदावर लिहून एकाच वेळी उघडावेत, म्हणजे ‘पाळी आधी’ हा फुकटचा लाभ जाईल. माऱ्याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकी नौदलातील वेन ह्यूज यांचे साल्वो (एकाच वेळी सोडलेल्या क्षेपणास्त्रांचा मारा) समीकरण वापरून पाहावे: आलेल्या क्षेपणास्त्रांतून पाडलेली वजा करायची आणि उरलेल्यांना, एक जहाज निकामी करण्यास जितकी लागतात, त्या संख्येने भागायचे. चार नौकांनी प्रत्येकी चार, म्हणजे १६ क्षेपणास्त्रे सोडली, समोरच्या तीन जहाजांनी प्रत्येकी चार पाडली, तर चार आत शिरतात, आणि दोन आघातांत जहाज निकामी होत असेल तर दोन जहाजे जातात. तिथे या तिघांबरोबर चौथे जहाजही असते, तर एकही आत शिरले नसते. एका जहाजाने निकाल एवढा पालटतो म्हणून ताफा कुठे एकत्र ठेवायचा आणि कुठे विखरायचा, याला अर्थ येतो.

आपल्या मूळ प्रश्नाविषयी. जे घडलेले नाही ते ताडता येत नाही हे खरे, परंतु ज्या नियमांनी आपण ते रचता त्याच नियमांनी घडलेल्या लढाया खेळून पाहता येतात. स्टिक्स या एकाच क्षेपणास्त्राच्या तीन लढाया घ्याव्यात. १९६७ मध्ये इजिप्तच्या नौकांनी इस्राएलची ‘आयलात’ ही युद्धनौका बुडवली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारताच्या तीन नौकांनी कराचीसमोर ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ बुडवल्या. येणारे क्षेपणास्त्र ‘खैबर’वर विमान समजले गेले होते. १९७३ मध्ये लताकियाच्या लढाईत मात्र सीरियाने सोडलेले एकही क्षेपणास्त्र इस्राएली नौकांना लागले नाही, कारण त्यांनी इलेक्ट्रॉनिक चकवे आणि धातूच्या पट्ट्यांचे ढग वापरले. आपला खेळ या तिन्हींना एकच निकाल देत असेल तर त्यात बचावाचा नियमच नाही, असे खुशाल समजावे.

वेंगुर्ल्याहून:
एक छोटी सूचना. सोंगट्या पालथ्या ठेवणार असाल तर पुठ्ठ्याच्या करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होऊन वाकतो, आणि कोणती सोंगटी कशी वाकली आहे हे खेळाडूंच्या चार डावांत लक्षात येते. मी पातळ प्लायवूडचे चौकोन कापून घेतले आणि पाठीमागे एकसारखा रंग दिला.

भाट्येकर:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. तूर्त पुठ्ठ्याच्याच सोंगट्या पालथ्या ठेवून आणि हुकूम लिहून आम्ही काल ऑगस्टचा डाव खेळलो. तो एकोणिसाव्या फेरीपर्यंत चालला. तेराव्या फेरीत तांबड्या पक्षाने जयगडसमोरच्या एका सोंगटीवर आठ क्षेपणास्त्रे सोडली. सोंगटी उलटली तेव्हा खाली ट्रॉलर होता. सोडणारा मित्र ती हातात धरून बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्यानंतर प्रत्येक माऱ्यापूर्वी तो विमान पाठवू लागला. लताकियाचा डावही मांडला; माझ्या जुन्या तक्त्यांनी इस्राएलच्या सगळ्या नौका बुडाल्या, त्यामुळे चकव्यांचा नियम आता नव्याने लिहीत आहे. ट्रॉलर बुडवल्याबद्दल किती गुण वजा करावेत, यावर आमचे एकमत झालेले नाही. मी पाच धरले आहेत, पण ज्याचे वडील तांडेल (मच्छीमार नौकेचे प्रमुख) होते तो मित्र म्हणतो की तिथे डावच हरलेला धरावा. पुढच्या रविवारी त्याच्या नियमाने खेळणार आहोत.