किनाऱ्यावर वाहून आलेले डॉल्फिन, देवमासे: पुण्यातल्या स्वयंसेवकांना नोंदी कशा शिकवाव्यात?

मुठाकाठ
कोथरूडच्या निसर्गगटातले १६ जण पावसाळा संपला की आळीपाळीने दिवेआगर आणि श्रीवर्धनचे किनारे चालणार आहेत. डॉल्फिन किंवा देवमासा लागलेला दिसला तर वनविभागाला कळवायचं आणि नीट नोंद करायची, एवढंच काम. तयारीला पुण्यात दोन रविवार आहेत, ताम्हिणी उतरून समुद्रावर फक्त एक दिवस. सुरुवात जाती ओळखण्यापासून करावी का? आणि पुण्यात सराव घ्यायचा तरी कशावर?

ओहोटी
जाती सगळ्यात शेवटी. चुकीचं नाव एकदा नोंदीत गेलं की ते पुढे तसंच चालत राहतं. नाव न लिहिता फोटो आणि माप चोख असेल, तर जाणकार नंतरही जात सांगू शकतो.

सरावाला जुनी कापसाची गादी घ्या. गुंडाळून सुतळीने आवळा, मधे फुगीर ठेवा, लांबी साधारण दीड मीटर. एका टोकाला पुठ्ठ्याचं शेपूट लावा, त्याला मधोमध खाच कापा. मग काहीही न सांगता जोडीजोडीने लांबी मोजायला लावा. आकडे जुळणार नाहीत. बहुतेक जण टेप पाठीवरून किंवा फुगलेल्या पोटावरून नेतात. लांबी सरळ रेषेत हवी, वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. दोन्ही टोकांशी एकेक काठी उभी रोवायची आणि काठ्यांमधलं अंतर जमिनीलगत मोजायचं. शरीर वाकलेलं असेल तर सरळ करायला जाऊ नका, तसं लिहा. शेपूट तुटलेलं असेल तर आकड्याआधी ‘किमान’.

टेप फायबरची घ्या, पोलादी खाऱ्या हवेत गंजते. विकत घेतल्यावर आधी शून्य कुठे आहे ते बघा: काहींचं कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं पट्टीवर थोडं आत. सगळ्या नोंदी सारख्याच अंतराने चुकत असतील तर दोष बहुधा तिथेच.

पाचवा दशांश
वर सहमत. फोटोंचं सांगतो.

आधी लांबून एक, आजूबाजूची जागा कळेल असा. मग दोन्ही बाजूंनी पूर्ण शरीर, कॅमेरा शरीराच्या मध्याशी काटकोनात आणि त्याच उंचीवर. उभ्याने खाली बघून काढला की डोकं मोठं आणि शेपूट लहान दिसतं. त्यानंतर डोकं, पाठीचा पर, बाजूचे पर, शेपूट, पोटाकडच्या फटी, जखमा, जाळ्याचे वळ. जवळच्या प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. चप्पल ठेवू नका, तिचा नंबर नंतर कोण सांगणार?

फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली जागा-वेळेची माहिती गळते.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, पाच स्थळांपर्यंत. दोनच स्थळं लिहिली तर चूक किलोमीटरच्या घरात जाते. त्याहून वाईट घोळ मिनिट-सेकंदांचा: १८ अंश १० मिनिटं ३० सेकंद म्हणजे १८.१७५००. ते कुणी १८.१०३० लिहिलं की तुमचा डॉल्फिन ८ किलोमीटर दक्षिणेला सरकला. एका रविवारी गादी कुठल्यातरी टेकडीवर ठेवा आणि दुसऱ्या जोडीला फक्त नोंदीवरून ती शोधायला लावा.

खारं वारं
जिवंत सापडला तर पहिलं काम फोन: स्थानिक वन कार्यालय किंवा १९२६. तोवर पोटावर राहू द्या, ओल्या चादरी घाला, पण डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला धरून ओढणं बंद. पाच मिनिटांत किती श्वास घेतले ते लिहा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. ‘ढकला पाण्यात’ म्हणणारी गर्दी हमखास जमते, तिला आवरायला दोन जण आधीच नेमा. २०२३च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी ते परत किनाऱ्याला आलं आणि दगावलं.

मेलेल्याला हात लावू नका, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. फुगलेल्या देवमाशापासून तर लांबच. दात-हाड ‘आठवण’ म्हणून उचलणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे पहिल्याच रविवारी सांगा. कुजण्याची अवस्था आकड्यात लिहा: १ जिवंत, २ ताजा, ३ फुगलेला पण अखंड, ४ खूप कुजलेला, ५ वाळलेली कातडी किंवा हाडं.

रंगावर विसंबू नका. भुलगा, म्हणजे डॉल्फिनचा पाठीला पर नसलेला छोटा नातलग, जिवंतपणी करडा असतो, मेल्यावर काळा पडतो. कोळी मंडळी जे नाव सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वेगळ्या रकान्यात उतरवा. नर की मादी हे पोटाकडच्या फटींवरून कळतं: मादीत जननमार्ग आणि गुदद्वार जवळजवळ एकाच रेघेत, शेजारी दोन बारीक फटी, नरात दोन्हींमध्ये अंतर. पालथा पडला असेल तर उलटवू नका, ‘कळलं नाही’ लिहा.

मुठाकाठ
गादीची सोय झाली. दिवसभर चालून काहीच दिसलं नाही तर फॉर्म भरायचा का?

ओहोटी
भरायचाच. तारीख, सुरुवात-शेवटची जागा, वेळ, किती किलोमीटर, आणि ‘शून्य’. त्याशिवाय दोन वर्षांची तुलनाच होत नाही; या वर्षी जास्त सापडले की जास्त चाललो, हे कसं ठरवणार? भरती-ओहोटीची वेळही टाका. उधाणाला एका किनाऱ्यावरचं धूड उचललं जाऊन पुढच्या गावी लागतं आणि दोनदा मोजलं जातं. जखमांचे फोटो ताडून मगच नवा क्रमांक द्या.