फोटो बदलला तरी जुनाच दिसतो: कॅशिंगबद्दल मदत हवी आहे

मंडळी, एका सोसायटीसाठी जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) छोटं ॲप केलंय, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. सभासदांचे फोटो ‘सभासद क्रमांक.जेपीजी’ या ठरलेल्या नावाने सेव्ह व्हायचे आणि कॅशची (ब्राउझर जपून ठेवतो त्या प्रतीची) मुदत ३० दिवस ठेवली होती. व्हायचं तेच झालं! काकांनी फोटो बदलला, तरी ब्राउझर जुनाच दाखवत राहिला. ‘कॅश क्लिअर करा’ असं कितीजणांना सांगणार? आता फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला, तो बदलला की बदलणारा कोड) नावातच घालतोय. फोटो बदलला की यूआरएल बदलते, त्यामुळे मुदत वर्षभराची ठेवली तरी चालते. तो प्रश्न मिटला.

अडलंय ते खाजगी कागदपत्रांच्या स्कॅनपाशी. तिथे जँगो लॉगिन तपासतं आणि ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) देऊन फाइल एनजिनएक्सकडून पाठवतं. पण एका पानावर ४० थंबनेल, म्हणजे ४० वेळा तपासणी. सर्व्हर बिचारा धापा टाकतो. मुदतीच्या सही केलेल्या लिंक (ठरलेल्या वेळेपर्यंतच चालणाऱ्या, लॉगिन न तपासता फाइल देणाऱ्या) वापरून पाहिल्या, तर दर वेळी लिंक नवी, म्हणून ब्राउझरची कॅश वायाच.

मुदत पुढच्या पूर्ण तासाला बांधली तर तासभर लिंक तीच राहील, असं डोक्यात आहे. सोबत ‘कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट’ हेडर, म्हणजे प्रत फक्त त्या सभासदाच्या ब्राउझरमध्येच राहील. कुणी असं केलंय का? लिंक बाहेर गेली तर तासभर उघडी राहणार, ही धाकधूक आहेच.