पाव-पोई सोडण्याआधी तपासणी करून घ्यावी

गहू सोडला की थायरॉइडपासून आमवातापर्यंत सगळे स्वयंप्रतिकार विकार (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) बरे होतात, आणि तंतुमय पदार्थ प्रतिकारशक्तीला हितकारक असतात, असे दोन दावे हल्ली वाचायला मिळतात. पहिल्याविषयी आधी. सीलिअ‍ॅक आजारापुरते ते खरे आहे. तिथे ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते आणि ग्लुटेन कायमचे वर्ज्य करणे हाच उपचार ठरतो. मात्र सीलिअ‍ॅक ओळखण्यासाठीची टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, कारण पाव-पोई आधीच बंद केली तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. फोंड्याच्या माझ्या मावशीचे निदान नेमके यामुळेच दोन वर्षे लांबले, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. हाशिमोटो (थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार) असलेल्यांत सीलिअ‍ॅकचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, तेव्हा त्यांनी ही तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी. आहाराच्या भरवशावर थायरॉइडची गोळी मात्र बंद करू नये.

तंतुमय पदार्थांविषयीच्या दाव्याशी मी सहमत आहे. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करतात, तेच तिथल्या पेशींचे मुख्य इंधन असते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे दाह आवरणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढलेल्या दिसल्या आहेत. त्यासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. आपली अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ, तांबडी भाजी आणि नाचणीची आंबील उत्तम.