जड ट्रकमाउंट यंत्रासाठी कोणती व्हॅन घ्यावी?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मी आणि माझी पत्नी गालिचे व सोफे स्वच्छ करण्याचा छोटा व्यवसाय चालवतो. आजवर पोर्टेबल यंत्रांवर काम भागले; परंतु भाडेकरूंनी सोडलेल्या घरांची आणि कार्यालयांची कामे वाढल्यामुळे आता स्वतःचे इंजिन असलेले, व्हॅनमध्ये कायमचे बसवायचे ट्रकमाउंट यंत्र घेण्याचे आम्ही ठरवले आहे. माहितीपत्रकानुसार यंत्राचे वजन सुमारे ८०० पौंड असून सांडपाण्याची टाकी १०० गॅलनची आहे. ज्या इमारतींत बाहेर नळ मिळत नाही तेथे उपयोगी पडावी म्हणून ताज्या पाण्याची ७० गॅलनची टाकीही बसवून घ्यावी, असा विचार आहे.

वापरलेल्या गाड्यांपैकी तीन सध्या नजरेसमोर आहेत : शेव्हरोले एक्सप्रेस २५००, मध्यम उंचीची फोर्ड ट्रान्झिट २५० आणि उंच छपराची राम प्रोमास्टर २५००. यंत्राचा विक्रेता म्हणतो की यांपैकी कोणतीही गाडी हे ओझे सहज वाहील. गाडी विकणाराही तेच म्हणतो, पण दोघांपैकी एकानेही कागदावर आकडे मांडून दाखवलेले नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चाक आणि कमान

आकडे मांडण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल, आणि ते अवघड नाही. चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी पट्टी दिसते. त्याच पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा अधिक वजन असता कामा नये हे छापलेले असते. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत इंजिन, लांबी आणि जोडसामान यांनुसार तो वेगळा निघतो, म्हणून जाहिरातीतील 'कमाल पेलोड' (गाडीला वाहता येणारे ओझे) विसरून जा आणि प्रत्येक गाडीच्या पट्टीचे छायाचित्र काढून आणा. कारखान्यातून निघाल्यानंतर आधीच्या मालकाने फळ्या, कप्पे किंवा जाळी बसवली असेल, तर त्यांचे वजन त्या आकड्यातून वजा करायचे हेही लक्षात असू द्या.

आता तुमचे ओझे पाहू. यंत्र ८०० पौंड, दोन्ही रिकाम्या टाक्या मिळून १८०, नळ्या आणि त्यांची रिळे २५०, रसायने, वाँड (गालिच्यावर फिरवायची सफाईची नळी), पंखे वगैरे २५०, मधली जाळी आणि कप्पे १५०, तुम्ही दोघे ३५०. हे झाले १९८० पौंड, आणि यात पाण्याचा थेंबही धरलेला नाही. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरते. सांडपाण्याची टाकी भरली की ८३४ पौंड वाढतात आणि बेरीज २८१४ वर जाते. ताज्या पाण्याचीही टाकी भरलेली असेल तर आणखी ५८४ धरून ३३९८ होते.

येथे काही जण म्हणतील की ताजे पाणीच पुढे सांडपाणी होते, त्यामुळे दोन्ही टाक्या एकाच वेळी भरलेल्या कशा असतील? स्वतःच्याच टाकीतून पाणी घेऊन काम केले तर हे म्हणणे बरोबर आहे. परंतु पहिल्या ग्राहकाच्या नळावर काम उरकून, सांडपाणी न सोडता आणि ताज्या पाण्याची राखीव टाकी भरलेलीच ठेवून तुम्ही दुसऱ्या ग्राहकाकडे निघालात, की पूर्ण ३३९८ पौंड रस्त्यावर असतात. घाईच्या दिवशी नेमके हेच घडते, त्यामुळे गाडी निवडताना हाच आकडा धरावा.

एकूण वजन बसले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. ते वजन कोठे ठेवले आहे यावर बरेच अवलंबून असते. एक्सप्रेसच्या आखूड आवृत्तीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर १३५ इंच आहे. यंत्र मागच्या दाराशी बसवले आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ३० इंच मागे पडला, तर प्रत्येक १००० पौंडांमागे मागच्या ॲक्सलवर १२२२ पौंड येतात आणि पुढच्या ॲक्सलवरून २२२ पौंड उचलले जातात. सी-सॉवर टोकाला बसलेला मुलगा पलीकडच्याला उचलतो, तसाच हा प्रकार आहे. गाडीचे नाक वर होते, सुकाणू हलके लागते आणि ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांची पकड कमी पडते. तेच यंत्र बाजूच्या सरकत्या दारातून आत घेऊन दोन ॲक्सलांच्या मध्ये बसवले, तर भार दोघांत वाटला जातो. पाण्याच्या टाक्या मात्र शक्यतो मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असाव्यात, कारण दिवसभर वजन बदलते ते त्यांचेच.

टायरही मोजून घ्या. एलटी २४५/७५ आर १६ हा 'ई' भारश्रेणीचा टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवेवर ३०४२ पौंड पेलतो, म्हणजे मागची जोडी ६०८४ पौंडांची झाली. गाडीवर त्यापेक्षा हलक्या श्रेणीचे टायर चढवलेले असतील, तर दारावरच्या पट्टीवरील आकड्याला काही अर्थ उरत नाही.

डॅलसचा गालिचेवाला

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. त्या हिशेबात तुमच्या तीन गाड्या बसवून पाहतो. एक्सप्रेस २५०० चे कमाल एकूण वजन (गाडी, माणसे आणि सामान मिळून कारखान्याने ठरवलेली मर्यादा) ८६०० पौंड असते आणि पेलोड साधारण ३००० च्या आसपास येतो. म्हणजे राखीव टाकी रिकामी असताना ती कशीबशी पुरते आणि भरल्यावर अपुरी पडते. त्याच गाडीची ३५०० आवृत्ती पाहा; तिचा पेलोड ४००० पौंडांच्या आसपास असतो आणि वापरलेल्या बाजारात किमतीतला फरक अनेकदा किरकोळ असतो. ही गाडी जुनाट दिसते, १९९६ पासून तिची ठेवण फारशी बदललेली नाही आणि आत ताठ उभे राहता येत नाही. तरीही आमच्या धंद्यात तिला मागणी आहे, कारण खाली शिडीसारखी भक्कम पोलादी चौकट आहे, मागची चाके ओढतात आणि सुटे भाग कोणत्याही गावात मिळतात.

ट्रान्झिटही मागच्या चाकांवर चालते, आत उभे राहता येते आणि चालवायला ती एक्सप्रेसपेक्षा कितीतरी सुखद आहे. तिच्यात स्वतंत्र चौकट नाही, सांगाडाच भार वाहतो. त्यामुळे तळात भोके पाडताना फोर्डने दिलेल्या सूचना पाळाव्यात आणि २५० ऐवजी अधिक भार वाहणारी ३५० शोधावी. मला स्वतःला उंच छपराचा मोह आवरता आला नसता, पण तुमच्याकडे हिवाळा असतो. त्याबद्दल थंडीतली मंडळी अधिक सांगतील.

आणखी एक. कोणी तुम्हाला डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रासह जुनी गाडी देऊ केली, म्हणजे ज्यात व्हॅनचेच इंजिन ब्लोअर (पाणी ओढून घेणारा पंखा) फिरवते, तर मैलांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अशी गाडी ग्राहकाच्या दारात उभी राहून तासन्‌तास राबलेली असते. इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद मागा. ती मिळत नसेल तर पुढच्या गाडीकडे वळा.

एडिसनकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. एक्सप्रेस २५०० ची पट्टी पाहिली. आकडा ३००० च्या आतच आहे, म्हणजे ती बाद झाली. प्रोमास्टरबद्दल मात्र कोणीच बोलले नाही. तिचा तळ जमिनीपासून सुमारे २१ इंचांवरच असल्यामुळे सामान चढवणे फार सोपे आहे, पट्टीवरचा आकडाही आमच्या बेरजेपेक्षा मोठा आहे, आणि पत्नीची पसंती तिलाच आहे. तिच्यात काही दोष आहे का?

शिकागोकर

दोष म्हणता येणार नाही, पण तुमच्या कामाशी तिचा मेळ बसतो का हे पाहावे लागेल. प्रोमास्टर पुढच्या चाकांवर चालते. वर सांगितलेला तरफेचा हिशेब पुन्हा वाचा : ॲक्सलच्या मागे ठेवलेले वजन पुढची चाके हलकी करते, आणि या गाडीत ओढणारी चाकेही पुढचीच आहेत. कोरड्या सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, परंतु ग्राहकाच्या घराचा बर्फाळ चढ आला की भरलेल्या टाक्या मागे खेचतात आणि पुढची चाके जागीच फिरतात. हलके यंत्र मधोमध बसवून, राखीव टाकी न ठेवता काम करणाऱ्यांना ही गाडी चांगली सेवा देते. तुमच्या ओझ्याला आणि तुमच्या हिवाळ्याला मी ती सुचवणार नाही. वहिनींना खालच्या तळाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, पण ट्रकमाउंटमध्ये जड वस्तू रोज चढवाव्या-उतरवाव्या लागत नाहीत; रोज हाताळायच्या त्या नळ्या, आणि त्यांसाठी विजेवर फिरणारे रीळ घेतले तर तळाची उंची फारशी आड येत नाही.

थंडीचा मुद्दा येथे गाडीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. पंपात, उष्णता-विनिमयकात आणि नळ्यांत राहिलेले पाणी एका रात्रीत गोठते आणि पितळी जोड फोडते. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. तो शक्य नसेल तर विजेवरचा हीटर रात्रभर चालू ठेवणे किंवा प्रत्येक संध्याकाळी यंत्रात गोठणरोधक खेळवणे, हे पर्याय उरतात. म्हणून गाडी घेण्यापूर्वी गॅरेजचे दार मोजा. घरगुती दार बहुधा ७ फूट उंचीचे असते आणि एक्सप्रेससुद्धा जवळजवळ तेवढीच उंच असल्यामुळे त्यातून जाईलच असे नाही. ८ फुटी दारातून ती जाते. मध्यम छपराची ट्रान्झिट तेथेही अडते, आणि उंच छपराच्या गाडीला तर व्यापारी गाळाच भाड्याने घ्यावा लागतो. ते भाडे गाडीच्या किमतीत धरा.

इंधनाचेही पाहा. यंत्राचे इंजिन पेट्रोलवर चालणारे असेल तर पेट्रोल व्हॅनच्या टाकीतूनच नळी काढून ते चालवता येते. डिझेल व्हॅन घेतली, तर पेट्रोलसाठी वेगळी टाकी बसवावी लागते. सुटा डबा गाडीच्या पोटात ठेवून काम भागवण्याचा विचारही करू नये. यंत्र चालू असताना दारे उघडी असावीत आणि धूर ग्राहकाच्या खिडकीपासून दूर जावा, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

चाक आणि कमान

शिकागोकरांशी सहमत. बसवणीबद्दल मात्र लिहायचे राहिले होते. यंत्र तळाच्या पत्र्यात नुसते स्क्रूने आवळून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. बोल्ट आरपार जावेत आणि खालून जाड पोलादी पट्टी असावी, म्हणजे अपघातात ८०० पौंडांचे यंत्र पत्रा फाडून पुढे येणार नाही. भोके पाडण्याआधी गाडी उचलून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि तारा कोठून जातात ते पाहून खुणा कराव्यात. चालकामागची जाळी ऐच्छिक समजू नये. टाकीच्या आत आडव्या भिंती आहेत का हेही विक्रेत्याला विचारा. त्या नसतील तर अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाडी डोलते.

सगळे बसवून झाल्यावर, दोन्ही टाक्या भरून आणि तुम्ही दोघे आत बसून, महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील कॅट स्केलवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) जा. तेथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे छापून मिळते. दोन्ही आकडे दारावरील प्रत्येक ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा.

पूर्वकिनारा

एका कायदेशीर बाबीची भर घालतो. कमाल एकूण वजन १०,००१ पौंड किंवा त्याहून अधिक असलेले वाहन व्यवसायासाठी राज्याच्या सीमा ओलांडते तेव्हा संघीय नियमांनुसार त्याला यूएसडॉट क्रमांक (अमेरिकेच्या परिवहन खात्याकडील नोंदणी क्रमांक) लागतो. एडिसनहून न्यूयॉर्क राज्यातल्या स्टेटन आयलंडला किंवा पेनसिल्व्हेनियात कामाला गेलात की सीमा ओलांडलीच. एक्सप्रेस ३५०० आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेली ट्रान्झिट ३५० साधारणपणे या मर्यादेखाली राहतात. मागे दुहेरी चाके असलेली ट्रान्झिट ३५० एचडी तपासून घ्या. मागे ट्रेलर जोडण्याचा बेत असेल तर दोन्हींचे मिळून वजन पाहिले जाते. अनेक टाउनशिपमध्ये घरासमोर व्यापारी वाहन रात्री उभे करण्यावर बंधने आहेत, ती आधी विचारून घ्यावीत. सांडपाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडणे बेकायदा आहे. ते मलनिस्सारण वाहिनीतच गेले पाहिजे.

एडिसनकर

सर्वांचे ऋण मानतो. प्रोमास्टरचा विचार सोडला आहे. गॅरेजचे दार आज मोजले. ते ७ फुटी निघाले, म्हणजे एक्सप्रेस ३५०० घेतली तरी गाळा भाड्याने घ्यावाच लागेल. गाळ्याला १० फुटी दार मिळाले तर मध्यम छपराच्या ट्रान्झिट ३५० चा पर्याय पुन्हा खुला होतो का?

डॅलसचा गालिचेवाला

जरूर होतो. गाळा आधी ठरवा आणि मगच गाडीला बयाणा द्या. ट्रान्झिट पाहायला जाल तेव्हा यंत्राची लांबी, रुंदी आणि उंची लिहिलेला कागद बरोबर न्या, आणि बाजूच्या सरकत्या दाराची मोकळी रुंदी टेपने मोजा. यंत्र त्या दारातून आत जात नसेल तर ते मागच्या दाराशीच बसवावे लागेल, आणि वर मांडलेला १२२२ पौंडांचा हिशेब लागू होईल.