कंस त्याच ओळीत का हवा
प्रोग्रॅममधला उघडणारा महिरपी कंस '{' खालच्या ओळीवर घेतला की कोड मोकळा दिसतो, हे तुमचं म्हणणं सी, जावा या भाषांपुरतं मान्य. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ही नुसती आवड राहत नाही. ऐरोलीच्या ऑफिसात मी फंक्शनमधून (कोडच्या एका तुकड्यातून) उत्तर परत देणारं 'रिटर्न' लिहून कंस पुढच्या ओळीवर उघडला. आत एकच प्रॉपर्टी, म्हणजे नाव आणि किंमत अशी एक जोडी. भाषेने 'रिटर्न'पाशीच अर्धविराम धरला, म्हणजे वाक्य तिथेच संपवलं, आणि ऑब्जेक्टऐवजी (अशा जोड्यांच्या गठ्ठ्याऐवजी) 'अनडिफाइन्ड', म्हणजे काहीच नाही, हातात आलं. एरर नाही, काही नाही! दोन प्रॉपर्टी असत्या तर निदान सिंटॅक्स एरर (व्याकरणाची चूक) तरी आली असती. ठाण्याच्या दोन लोकल गेल्या तेव्हा कुठे सापडलं. 'गो' या भाषेत हा प्रश्नच उरत नाही. फंक्शनचा कंस खाली नेलात तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालण्याआधीच अडतो.